वेल्समधील बाला परिसर: दगडी कॉटेजमधला एक आठवडा, अनुभव आणि काही शंका

रानवाट

नमस्कार. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस, मुलांच्या शाळेला आठवड्याची सुट्टी असताना, आम्ही सहा जण (आम्ही दोघे, दोन मुले आणि पुण्याहून आलेले माझे आईवडील) बर्मिंगहॅमहून उत्तर वेल्समधील बाला गावाजवळच्या एका कॉटेजमध्ये सात रात्री राहून आलो. हॉटेलात राहण्याची सवय सर्वांनाच असते. परंतु शेताच्या मधोमध असलेले दुसऱ्याचे घर आठवडाभर आपण चालवायचे म्हणजे काय, याची आम्हाला कल्पना नव्हती. जाहिरातीतल्या छायाचित्रांत टेकडी, मेंढ्या आणि धुरांडे दिसते. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते आणि अरुंद रस्त्यात ट्रॅक्टर समोर आला तर मागे कोणी जायचे, हे दिसत नाही. त्याविषयी लिहावे आणि जाणकारांकडून माझ्या दोन-तीन शंकांचे निरसनही करून घ्यावे, म्हणून हा धागा.

बर्मिंगहॅमहून श्रूझबरी आणि लॅनगॉलेनमार्गे बालापर्यंत साधारण अडीच तास लागतात, पण वाटेत आम्ही पॉन्टकसल्टेचा जलसेतू पाहायला थांबलो. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी उभारलेला हा सेतू १८०५ मध्ये खुला झाला. डी नदीच्या पात्रापासून सुमारे ३८ मीटर उंचीवर, लोखंडी पन्हळीतून कालवा नेलेला आहे आणि त्यातून आजही बोटी चालतात. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला पन्हळीच्या काठापलीकडे काहीच नाही, त्यामुळे बोटीत बसलेल्याला थेट दरी दिसते. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पन्हळीचे सांधे न्याहाळत ते तिथून अर्धा तास हलले नाहीत, आणि आई त्यांच्या सदऱ्याचे टोक धरून उभी राहिली.

कॉटेजपर्यंतचा शेवटचा दीड मैल हीच खरी परीक्षा होती. दोन्ही बाजूंना दगडी बांध, त्यांवर माजलेली झुडपे आणि मधून गाडीपेक्षा जेमतेम हातभर रुंद असा रस्ता. ठरावीक अंतरावर रस्ता थोडा रुंद केलेला असतो आणि ज्याला ती जागा जवळ असेल त्याने मागे जायचे, असा रिवाज आहे. गवताच्या भाऱ्यांनी लादलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर समोर आला तेव्हा ती जागा आमच्याच मागे होती. मी दीडएकशे मीटर गाडी मागे घेतली, त्यात डावा आरसा झुडपात अडकून दुमडला. ट्रॅक्टरवाल्याने चाकावरचे एक बोट तेवढे उचलून आभार मानले. संध्याकाळी दारात दूध आणि अंडी घेऊन तेच गृहस्थ उभे राहिले, तेव्हा ते आमचे घरमालक असल्याचे कळले. जाहिरातीत “गाव पाच मिनिटांवर” असे लिहिले होते. ती पाच मिनिटे या रस्त्याने गाडी चालवायला सरावलेल्या माणसाची आहेत, हे कुठेही लिहिलेले नव्हते.

घर दीडशे वर्षांहून जुने, भिंती दोन फूट जाडीच्या, छत स्लेटचे आणि माजघरातली तुळई इतकी खाली की माझ्या यजमानांनी पहिल्या दिवशी तीनदा डोके आपटून घेतले. स्वयंपाकघरातील भिंतीवर सूचनांचा कागद होता आणि तो आम्ही आल्याआल्या वाचला नाही, ही आमची चूक. त्यात लिहिले होते, की या घराला सार्वजनिक नळाचे पाणी नाही. वरच्या कुरणातल्या झऱ्याचे पाणी टाकीत येते, गाळणीतून जाते आणि शेवटी अतिनील किरणांच्या दिव्यासमोरून नळाला येते. वीज गेली की तो दिवा बंद पडतो, म्हणून अशा वेळी पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जाते, सबब ओले पुसणी-कागद, तेल आणि ब्लीच मोरीत टाकू नये.

पहिल्याच रात्री वरणाला फोडणी देताना मोहरी तडतडली आणि घरातले सगळे धूरसूचक भोंगे एकदम वाजू लागले. ते एकमेकांना जोडलेले असतात, एक वाजला की सगळे वाजतात. वडील टॉवेल घेऊन जिन्याखाली वारा घालत आहेत, मुले कानांवर हात ठेवून हसत आहेत आणि खिडकी उघडत नाही, असा तो प्रसंग. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आधी खिडकी उघडायची, मग तेल तापवायचे, असा क्रम लावून घेतला.

माजघरात काचेचे दार असलेली लाकडाची बंद शेगडी होती. आम्ही दोघांनी कागद, काटक्या, ओंडका असे सर्व रचून तीन काड्या ओढल्या. धूर खोलीत आला आणि काच काळी झाली. आईचे बालपण भोर तालुक्यात चुलीसमोर गेलेले. तिने आम्हाला बाजूला केले, टोपलीतले दोन ओंडके हातात घेऊन एकमेकांवर आपटले आणि त्यांतला एक परत ठेवून दिला. “हा बद्द वाजतोय, ओला आहे. वाळलेलं लाकूड खणकन वाजतं.” मग तिने खालचा वाऱ्याचा खटका पूर्ण उघडला, दार बोटभर किलकिले ठेवले, ज्वाळ धरल्यावरच ते लावले आणि नंतर खटका अर्ध्यावर आणला. दार एकदम ओढायचे नाही, धूर अंगावर येतो, हे तिने त्या शेगडीकडे पाहून दोन मिनिटांत ओळखले. पुढचे सहा दिवस शेगडीचा ताबा तिच्याकडेच होता आणि घरमालकांनाही ते ठाऊक झाले होते.

तिसऱ्या रात्री वादळाने वीज गेली. दिवाळीच्या पिशवीतल्या पणत्या गाडीतच राहिल्या होत्या, त्या लावल्या. स्वयंपाकाचा गॅस बाहेर ठेवलेल्या लाल सिलिंडरवर चालत होता, त्यामुळे पाणी उकळता आले आणि खिचडीही झाली. दहाच्या सुमारास ढग फाटले. एरिरीचा (म्हणजे पूर्वी ज्याला सर्वत्र स्नोडोनिया म्हणत त्या राष्ट्रीय उद्यानाचा) परिसर २०१५ पासून काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून मान्यता पावलेला आहे, हे मी वाचले होते. पण वाचणे वेगळे आणि अंगणात उभे राहून आकाशगंगेचा पट्टा डोंगराच्या एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत पाहणे वेगळे. धाकटा म्हणाला, कोणीतरी पीठ सांडले आहे.

भोवतालचा प्रदेश थोडक्यात सांगते. बालाला लागून असलेला तेगिद तलाव हा वेल्समधला सर्वांत मोठा नैसर्गिक तलाव, जवळजवळ सहा किलोमीटर लांब. ग्विनिअॅड नावाचा मासा जगात मूळचा याच तलावातला. काठाने स्लेटच्या खाणींतल्या जुन्या वाफेच्या इंजिनांची छोटी गाडी धावते. ऑक्टोबरअखेर ती रोज नसते, वेळापत्रक पाहूनच जावे. डोल्गेथ्लाइजवळची ‘प्रेसिपिस वॉक’ ही पायवाट आम्ही दोघांनी मुलांसह केली. कड्याच्या बाजूला ती अरुंद आहे. आईवडील तळ्याच्या सपाट बाजूने तेवढे फिरून आले. मावडाख नदीची खाडी वरून पाहण्यासाठी एवढी पायपीट सत्कारणी लागते.

मला अधिक लिहायचे आहे ते ट्रवेरिनच्या खोऱ्याविषयी. बालापासून चार-पाच मैलांवर सेलिन नावाचा जलाशय आहे. मातीच्या भरावाचे, गवताने झाकलेले धरण. इतके शांत, की एखाद्याला नैसर्गिक तळेच वाटावे. त्याच्या तळाशी कापेल सेलिन हे गाव आहे. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी १९५७ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला, त्याच्या बाजूने वेल्सच्या एकाही खासदाराने मत दिले नव्हते. तरीही १९६५ मध्ये शाळा, टपाल कार्यालय, प्रार्थनागृह आणि शेतघरांसह ते गाव पाण्याखाली गेले. ४८ माणसांची घरे गेली. लिव्हरपूलच्या नगर परिषदेने २००५ मध्ये माफी मागितली. काठावर एक स्मृतिगृह आहे. मुलांना धरणाखाली चालणारे राफ्टिंग पाहायचे होते, म्हणून आम्ही पुढे निघालो. वडील मात्र मागेच राहिले. गाडीत बसल्यावर ते एवढेच म्हणाले, “आम्ही मोजमापं घ्यायला जायचो, तेव्हा लोक चहा द्यायचे. का देत होते, कोण जाणे.”

माझ्या शंका अशा. एक, वडिलांचे गुडघे दुखतात आणि या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात. तळमजल्यावर झोपण्याची सोय असलेली घरे कशी शोधावीत? दोन, गाडी नसताना असा आठवडा शक्य आहे का? तीन, घरमालकांच्या पत्नी बोलता बोलता म्हणाल्या, की त्यांच्या लेकीला स्वतःच्या गावात घर घेणे परवडत नाही. ते ऐकल्यापासून आपण पाहुणे म्हणून राहतो ते बरोबर की चूक, असा प्रश्न माझ्या मनात आहे.

शेवंती

लेख आवडला. तुमच्या दुसऱ्या शंकेबाबत लिहिते, कारण मी गाडी चालवत नाही आणि या भागात दोनदा जाऊन आले आहे. रेल्वेने रेक्सम किंवा रुआबॉनपर्यंत जावे आणि तिथून टी-३ ही बस घ्यावी. ती लॅनगॉलेन, कॉर्वेन, बाला, डोल्गेथ्लाइ करत समुद्रकाठच्या बारमथपर्यंत जाते. रविवारी फेऱ्या फारच कमी असतात, त्यामुळे शनिवारी पोचून वाणसामान भरून ठेवणे इष्ट. कॉटेज मात्र गावातलेच, दुकानापर्यंत चालत जाता येईल असे घ्यावे. शेताच्या मधले घर गाडीशिवाय घेणे म्हणजे स्वतःला कोंडून घेणे होय.

एकेकाळी रुआबॉनहून थेट बारमथपर्यंत रेल्वे होती, ती १९६५ मध्ये बंद झाली. तलावाकाठची जी छोटी गाडी तुम्ही सांगितलीत, ती त्याच लोहमार्गाच्या जागेवर धावते. बालाहून फेस्टिनिऑगकडे जाणारा फाटा तर सेलिन जलाशयासाठीच बंद करावा लागला; त्याचा काही भाग पाण्याखाली आहे.

गावकुसाबाहेर

मी बँगॉरजवळच्या रुग्णालयात नोकरी करतो आणि वेल्समध्ये राहून आता बारा वर्षे झाली. रानवाटताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बाला ज्या ग्विनेथ परगण्यात येते, तिथे २०२१ च्या जनगणनेनुसार ६४ टक्क्यांहून अधिक लोक वेल्श बोलतात. संपूर्ण वेल्समध्ये हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आत आहे. त्यामुळे अशा गावात एखादे घर सुट्टीपुरते वापरले जाऊ लागले, की वर्षातले बरेच महिने एक खिडकी अंधारी राहते एवढ्यावर ते थांबत नाही. त्या घरातली मुले शाळेच्या पटावरून जातात, शाळा वेल्श माध्यमाची असते आणि पट घटला की शाळा बंद करण्याची चर्चा सुरू होते. यावर उपाय म्हणून ग्विनेथच्या परिषदेने एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरांवर नेहमीच्या घरपट्टीखेरीज १५० टक्के अधिभार लावला आहे. त्याच महिन्यापासून वेल्समध्ये आणखी एक नियम आला: सुट्टीचे घर व्यवसाय म्हणून गणले जायचे असेल, तर सर्वसाधारणपणे ते वर्षात १८२ दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेले असावे लागते. पूर्वी ही अट ७० दिवसांची होती. हिवाळ्यात कॉटेजे स्वस्तात मिळतात त्यामागे, माझ्या मते, मालकांची ही दिवस भरण्याची धडपडही आहे. शिवाय २०२५ च्या कायद्याने स्थानिक परिषदांना पाहुण्यांकडून माणशी, दर रात्री १.३० पौंड आकारणी करण्याची मुभा दिली आहे. २०२७ च्या आधी ती कुठेही सुरू होणार नाही आणि प्रत्येक परिषद ती लावेलच असेही नाही.

आता तुमचा प्रश्न. शेतकऱ्याने स्वतःच्या आवारातले जुने घर भाड्याने देणे आणि दूरच्या कोणी गावातले राहते घर विकत घेऊन त्याचे कॉटेज करणे, या दोन गोष्टी मला सारख्या वाटत नाहीत. मेंढीपालनावर एवढ्यात कुटुंब चालत नाही. कॉटेजचे उत्पन्न त्या शेताला तगवून धरते. माझे पाहुणे येतात तेव्हा मी त्यांना मालक शेजारीच राहतो का, एवढे विचारून घ्या असे सांगतो. यात माझा पक्षपात असू शकतो, माझ्या घराचे मालकही शेतकरीच आहेत.

जाता जाता: तुमच्या कॉटेजच्या नावात ‘हेन्द्रे’ किंवा ‘हावोद’ यांपैकी काही होते का? हेन्द्रे म्हणजे खोऱ्यातले हिवाळी घर आणि हावोद म्हणजे उन्हाळ्यात गुरे-मेंढ्या घेऊन वर जाऊन राहण्याचे घर. आपल्याकडचे धनगर पावसाळा आणि उन्हाळा यांप्रमाणे मुक्काम हलवतात, त्याच जातीची ही व्यवस्था होती. नव्या मालकांनी अशा घरांना इंग्रजी गोड नावे दिली, की ही माहितीच पुसली जाते.

रानवाट

गावकुसाबाहेर, मनापासून आभार. घराच्या नावात ‘हेन्द्रे’ होते! आम्ही ते कोणाचे तरी आडनाव समजत होतो. (मराठीत खरोखरच हेंद्रे आडनाव आहे, त्यामुळे वडिलांनी पहिल्या दिवशी “हे पुण्याचे दिसतात” असा विनोदही केला होता.) घर खोऱ्यातच, ओढ्याच्या वर, वाऱ्याला पाठ करून बांधलेले आहे, म्हणजे नाव अगदी जागेला धरून आहे.

कोयनाकाठ

ताई, तुमच्या वडिलांचे ते वाक्य मी दोनदा वाचले. माझे आजोळ कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेले. धरण १९६४ च्या सुमारास पूर्ण झाले, म्हणजे कापेल सेलिन आणि आमचे गाव जवळजवळ एकाच वेळी बुडाले. आजी सांगायची, की निघताना तिने उंबरठा सारवला होता.

ट्रवेरिनच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या गावाच्या बुडण्यातून वेल्सच्या राजकारणाला आणि भाषेच्या चळवळीला मोठा जोर मिळाला. अॅबरिस्टविथच्या दक्षिणेला रस्त्याकडेच्या पडक्या भिंतीवर साठच्या दशकात कोणीतरी ‘कोव्युख द्रवेरिन’, म्हणजे ‘ट्रवेरिन विसरू नका’, असे रंगवले. पुढे ती भिंत पाडण्याचे, रंग फासण्याचे प्रकार झाले आणि दर वेळी लोकांनी ती पुन्हा उभी केली, रंगवली. आपल्याकडे धरणग्रस्तांचा लढा त्याही आधीचा आहे. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांचा मुळशी सत्याग्रह १९२१ चा. पण मुळशीच्या काठावर सुट्टीचे बंगले घेऊन राहणाऱ्या किती जणांना आपण कशावर उभे आहोत हे ठाऊक असते? तुमच्या तिसऱ्या शंकेला तिथेही जागा आहे.

शब्दवेल्हाळ

मूळ लेखात ‘ट्रवेरिन’ आणि कोयनाकाठ यांच्या प्रतिसादात ‘द्रवेरिन’ असे आहे. यांतले शुद्ध कोणते?

गावकुसाबाहेर

दोन्ही. वेल्शमध्ये शब्दाचा आरंभीचा वर्ण संदर्भानुसार बदलतो. आपण ‘पुणे’ म्हणतो पण ‘पुण्यात’ लिहितो, म्हणजे आपले सामान्यरूप शेपटाकडून बदलते. त्यांचे तोंडाकडून बदलते, इतकेच. नकाशात गाव सापडेना झाले की पहिले अक्षर बदलून पाहावे. आणि दुहेरी ‘एल’ने लिहिलेला वर्ण म्हणजे आपला ‘ल’ नव्हे की ‘ळ’ही नव्हे: जीभ ‘ल’च्या जागी टेकवून नुसती हवा बाजूने सोडायची. मला तो यायला दोन वर्षे लागली.

अंकगणित

भाषेचा विषय निघालाच आहे, तर ताईंच्या आईंना वेल्श आकडे ऐकायला मिळाले का? तीनला ‘त्री’, साताला ‘साइथ’, नवाला ‘नाउ’ आणि दहाला ‘देग’ म्हणतात, दाताला ‘दांत’. हा योगायोग नव्हे, दोन्ही भाषा एकाच प्राचीन कुळातल्या आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, असे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत १७८६ मध्ये मांडणाऱ्या विल्यम जोन्स यांनी त्याच भाषणात केल्टिक भाषाही या कुळात असण्याची शक्यता बोलून दाखवली होती. त्यांचे वडीलही विल्यम जोन्सच, वेल्सच्या अँगलसी बेटावरचे. वर्तुळाच्या गुणोत्तरासाठी ‘पाय’ हे चिन्ह १७०६ मध्ये प्रथम वापरणारे गणिती ते हेच.

रानवाट

ऐकायला मिळाले, आणि ते सांगायचे राहिलेच. पाचव्या दिवशी घरमालक फाटकातून मेंढ्या सोडताना मोठ्याने मोजत होते. आई कुंपणाशी उभी होती. “नाउ” आल्यावर ती चमकून म्हणाली, “अगं, हा नऊच म्हणतोय.” मग तिने मराठीत आणि त्यांनी वेल्शमध्ये असे दहापर्यंत दोनदा मोजले; चार आणि पाच काही जुळले नाहीत, सात, नऊ, दहा जुळले. त्यात मेंढ्यांचा हिशेब चुकला आणि सगळ्या पुन्हा आत घ्याव्या लागल्या. त्यांच्या पत्नी बाहेर येऊन “पानाद?” म्हणाल्या. तिकडच्या बोलीत पेलाभर चहा. आईने त्यांना चकल्या दिल्या.

तिखटमीठ

शाकाहारी मंडळींसाठी थोडी भर. स्वागताच्या टोपलीत बहुधा ‘बारा ब्रिथ’ असते. बारा म्हणजे पाव आणि ब्रिथ म्हणजे ठिपक्यांचा. सुकामेवा चहात रात्रभर भिजवून केलेला हा केक असतो आणि त्यात बहुतेक वेळा अंडे असते. वेल्श केक हे आपल्या तव्यासारख्याच जाड लोखंडी तव्यावर भाजतात, पण जुन्या पद्धतीत लोण्याबरोबर डुकराची चरबीही घालतात, तेव्हा विचारून घ्यावे. ‘ग्लॅमॉर्गन सॉसेज’ या नावाने बिचकू नये. त्यात मांस नसते, चीज, लीक आणि पावाचा चुरा असतो. उलट ‘वेल्श रेअरबिट’ हे निव्वळ चीज-टोस्ट वाटते, पण त्यात बिअर आणि माशाचा अंश असलेला वूस्टर सॉस पडतो.

शंकेखोर

एकूण खर्च किती आला हे कोणी विचारले नाही, म्हणून मी विचारतो. शिवाय अशा घरांत अनामत रक्कम परत मिळते का? आमच्या एका मुक्कामात (तो वेल्समध्ये नव्हता) ओट्यावरच्या हळदीच्या एका डागासाठी पैसे कापून घेतले होते आणि छायाचित्रे पाठवूनही उपयोग झाला नाही.

रानवाट

घराचे सात रात्रींचे ८४० पौंड पडले, लाकडाच्या पहिल्या टोपलीसह. पुढच्या टोपल्यांचे वेगळे दिले. सहा जणांत आणि घरचा स्वयंपाक धरता ते हॉटेलच्या निम्म्यानेही नव्हते. शुक्रवारी दुपारी चारनंतर प्रवेश आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी दहाला घर रिकामे, अशी पद्धत होती. हळदीची भीती मलाही होती, म्हणून आम्ही स्वतःचा लाकडी पाट, दोन जुने टॉवेल आणि ओट्यावर पसरायला मेणकापड नेले होते. अनामत पूर्ण परत मिळाली.

सांजवेळ

जिन्याच्या शंकेबाबत कोणी लिहिलेले दिसले नाही. माझ्या सासूबाईंसाठी आम्ही दर वेळी तीन गोष्टी मालकांना प्रत्यक्ष फोन करून विचारतो: तळमजल्यावर झोपण्याची खोली आणि शौचालय दोन्ही आहेत का (पुष्कळदा खोली खाली आणि न्हाणीघर वर असते), गाडी उभी करण्याच्या जागेपासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि अंगणात खडी आहे की फरशी. स्लेटची फरशी ओली झाली की शेवाळ्यासारखी निसरडी होते. जुन्या दगडी घराऐवजी गुरांच्या गोठ्याचे किंवा धान्याच्या कोठाराचे रूपांतर करून बांधलेले घर शोधल्यास ते बरेचदा एकमजली मिळते.

रानवाट

सांजवेळ, हीच माहिती मला हवी होती. न्हाणीघर वर असण्याचा अनुभव वडिलांनी सात रात्री घेतला. येत्या मे महिन्यासाठी मी एका गोठ्याच्या घराची चौकशी सुरू केली आहे, या वेळी रायाडरच्या बाजूला, एलान खोऱ्यात.

कोयनाकाठ

एलान खोऱ्यात जाणार असाल तर एक सांगतो. तिथली धरणे १८९३ पासून बांधली गेली आणि १९०४ मध्ये सुरू झाली, ती तुमच्या बर्मिंगहॅमसाठी. शंभराच्या आसपास माणसे त्या वेळी उठवली गेली. तिथले पाणी केवळ उताराच्या जोरावर, पंपाशिवाय, ७३ मैल वाहत बर्मिंगहॅमला येते. त्याला साधारण दीड दिवस लागतो. तुमच्या वडिलांना त्या उताराचे प्रमाण ऐकून बरे वाटेल: २३०० फुटांत एक फूट.

रानवाट

वडिलांना आत्ताच फोनवर वाचून दाखवले. त्यांनी प्रमाण पुन्हा एकदा सांगायला लावले, कागदावर लिहून घेतले आणि मे महिन्यात पुन्हा तिकडे येण्यास होकार दिला. अट एकच, न्हाणीघर खाली हवे. आईने शेगडी आहे का, असे विचारले आहे. आहे.

नवखा

उशिरा विचारतो, क्षमस्व. आम्ही एप्रिलमध्ये बालालाच जात आहोत. पोळपाट-लाटणे आणि तवा नेणे आवश्यक आहे का?

रानवाट

लाटणे बहुतेक घरांत असते, पोळपाटाऐवजी ओटा चालतो. तवा अवश्य न्या, पण आधी शेगडी गॅसची की इंडक्शनची हे विचारा. अॅल्युमिनियमचा तवा इंडक्शनवर तापत नाही. एप्रिल म्हणजे कोकरांचे दिवस, तेव्हा कुरणातले फाटक जसे असेल तसेच ठेवा: बंद असेल तर आपण गेल्यावर बंद, आणि उघडे असेल तर उघडेच. आमच्या धाकट्याने चांगुलपणाने एक उघडे फाटक लावून टाकले होते, त्यामुळे मेंढ्यांना ओढ्याकडे जाता येईना.